सरासरी माणूस आणि कादंबरीतला माणूस

एखाद्या जिल्ह्याचे गॅझेटियर उघडले की लोकसंख्या, पेरणीखालचे क्षेत्र, शाळा, विहिरी, आठवडी बाजाराचे वार असे सगळे सापडते. तरीही त्या भागातली माणसे कशी जगतात हे समजून घ्यायचे असेल, तर आपण जाणत्या वाचकाला विचारतो, की तिकडची एखादी चांगली कादंबरी सांगा. गॅझेटियरमधला आकडा मोजलेला असतो, कादंबरीतला माणूस मात्र कधी जन्मलेलाच नसतो. मग न जन्मलेल्या माणसाकडून खऱ्या समाजाची माहिती आपण कशी घेतो, आणि ती खरी का वाटते?

युरोपात एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न अनेकांना पडला. त्यांत फ्रीडरिख एंगल्सही होता. १८८८ च्या एप्रिलमध्ये त्याने मार्गारेट हार्कनेस या इंग्रज लेखिकेला तिच्या ‘अ सिटी गर्ल’ या कादंबरीबद्दल पत्र लिहिले. त्यात ओघाने बाल्झाकचा विषय निघाला. एंगल्स म्हणतो, की फ्रेंच समाजाबद्दल, अगदी पैशाअडक्याच्या बारीकसारीक तपशिलांसकट, आपण बाल्झाककडून जितके शिकलो तितके त्या काळच्या इतिहासकारांकडून, अर्थतज्ज्ञांकडून आणि संख्याशास्त्रज्ञांकडून मिळूनही शिकलो नाही. एंगल्सने स्वतः तरुणपणी मँचेस्टरच्या गल्ल्या पालथ्या घालून, सरकारी अहवाल आणि मृत्यूचे आकडे जमवून १८४५ मध्ये इंग्लंडच्या कामगारवर्गावर पुस्तक लिहिले होते. शिवाय बाल्झाक राजेशाहीचा समर्थक, म्हणजे एंगल्सच्या विरुद्ध गोटातला. तरी एंगल्सने हे म्हटले, म्हणून त्या म्हणण्याला वजन आहे.

साहित्य आणि समाजशास्त्र यांचा पाश्चात्त्य विचारातला दोनशे वर्षांचा संबंध या कोड्याभोवती फिरतो. दोघांपुढे अडचण एकच होती. लाखो माणसांबद्दल बोलायचे आहे आणि लाखो माणसे तर एकेकटी दाखवता येत नाहीत. या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. त्या कुठे फुटल्या आणि पुन्हा पुन्हा एकमेकींना कशा भिडल्या, ते पाहू.

जुना समाज मोडला, मग प्रश्न उभा राहिला

१७८९ च्या राज्यक्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये माणूस कोण आहे हे बहुतेक वेळा त्याच्या जन्मावरून कळे. सरदार, पाद्री, शेतकरी, कारागीर यांच्या जागा ठरलेल्या होत्या. क्रांतीने त्या जागा हलवल्या आणि मागोमाग आलेल्या कारखानदारीने माणसे खेड्यांतून उचलून शहरात आणली. १८०१ मध्ये पॅरिसची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती, १८५१ मध्ये ती दहा लाखांवर गेली. शेजारच्या खोलीत राहणारा माणूस कालचा सरदार आहे, उद्याचा सावकार आहे की फरारी कैदी आहे, हे आता सांगता येईना. समाज ही गोष्ट पहिल्यांदाच न समजणारी झाली. समजत नाही म्हटल्यावरच ती समजून घेण्याचे शास्त्र लागते, आणि कादंबरीही लागते.

या काळाच्या उंबरठ्यावर, १८०० साली, मादाम द स्ताल या लेखिकेने साहित्य आणि सामाजिक संस्था यांच्या संबंधांवर एक ग्रंथ लिहिला. सोळाव्या लुईचा अर्थमंत्री नेकर याची ती मुलगी. राज्यकारभार आणि क्रांती दोन्ही तिने घरातून पाहिले होते. तोवर साहित्याची चर्चा म्हणजे नियमांची चर्चा असे : शोकांतिका कशी असावी, महाकाव्यात काय चालते. स्तालने विचारले, की धर्म, कायदा आणि चालीरीती यांचा साहित्यावर काय परिणाम होतो, आणि साहित्याचा त्यांच्यावर काय होतो? कादंबरी इंग्लंडात का बहरली याचे उत्तर तिने लेखकांच्या प्रतिभेत शोधले नाही. तिथल्या घरगुती जीवनाला आणि त्यातल्या स्त्रियांच्या स्थानाला असलेल्या मानात शोधले. प्रश्न विचारण्याची ही रीत नवी होती. नेपोलियनला ही बाई मानवली नाही आणि १८०३ मध्ये त्याने तिला पॅरिसबाहेर घालवले.

१८३५ : एकाच वर्षी दोन माणसे जन्मली

१८३५ या वर्षी दोन पुस्तके निघाली. एक बेल्जियमच्या आदोल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञाचे. आकाशातल्या एकाच ताऱ्याची जागा दहा निरीक्षकांनी मोजली तर दहा किंचित वेगळे आकडे येतात. खगोलशास्त्रज्ञ त्यांची सरासरी काढतात आणि खरी जागा तिच्या जवळ आहे असे मानतात. केटलेने हीच युक्ती माणसांवर वापरली. सैन्यभरतीतल्या तरुणांच्या उंच्या, लग्ने, गुन्हे हे सगळे त्याने एकत्र केले. त्याला चकित करणारी गोष्ट सापडली ती गुन्ह्यांत : दरवर्षी वेगळी माणसे वेगळ्या कारणांनी गुन्हे करत होती, पण वर्षाचा एकूण आकडा फारसा हलत नव्हता. या सगळ्यातून त्याने ‘सरासरी माणूस’ घडवला. समाजाचा गुरुत्वमध्य जणू तोच, असे त्याने मानले.

दुसरे पुस्तक बाल्झाकचे, ‘ल पेर गोरिओ’. गोरिओ हा शेवया बनवणारा व्यापारी. क्रांतीच्या काळातल्या धान्यटंचाईत त्याने अमाप पैसा कमावला. एक मुलगी काउंटला दिली, दुसरी बँकरला. म्हणजे एक जुन्या घराण्यात गेली आणि एक नव्या पैशात. म्हातारा स्वतः मादाम वोकेच्या खानावळवजा घरात भाड्याने राहायला येतो. सुरुवातीला पहिल्या मजल्यावर राहतो, वर्षाला १,२०० फ्रँक देऊन. मग दुसऱ्या मजल्यावर जातो, ९०० फ्रँकवर. मग तिसऱ्या मजल्यावर, महिना ४५ फ्रँकवर. मुलींचे कर्ज फेडता फेडता तो एकेक मजला वर चढतो आणि समाजात एकेक पायरी खाली उतरतो. बाल्झाकने इथे कुठलाही सिद्धान्त सांगितलेला नाही. भाडे आणि मजला सांगितला आहे. जुनी प्रतिष्ठा आणि नवा पैसा यांच्यातला सगळा व्यवहार त्या एका जिन्यावर दिसतो.

याच घरात वोत्रँ नावाचा फरारी गुन्हेगार रास्तिन्याक या गरीब पण महत्त्वाकांक्षी विद्यार्थ्याला हिशेब मांडून दाखवतो : कायद्याचा अभ्यास करून, वर्षानुवर्षे राबून हाती किती पडेल, आणि एका वारसदार मुलीशी लग्न केले तर किती. २०१३ मध्ये तोमा पिकेटी या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने भांडवल आणि विषमता यांवरचा आपला जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा कष्टाची कमाई आणि वारशाची संपत्ती यांतली दरी समजावताना तो याच प्रसंगाकडे वळला.

सरासरी माणूस आणि गोरिओ, दोघेही प्रत्यक्षात कुठेच नाहीत. पण दोघांना घडवण्याची कृती उलटी आहे. सरासरी काढताना माणसामाणसांतले फरक पुसले जातात. उंच आणि बुटका, उधळ्या आणि चिक्कू एकमेकांना खोडतात आणि मधला शिल्लक राहतो. बाल्झाक फरक पुसत नाही, ताणतो. एका काळातल्या अनेक बापांत थोडी थोडी विखुरलेली गोष्ट तो एका बापात गोळा करतो आणि टोकापर्यंत नेतो. अशा व्यक्तिरेखेला नमुना म्हणू. सरासरी सांगते की काय किती आहे. नमुना सांगतो की ते कोणत्या जोरावर चालते आणि जोर वाढला तर कुठे जाऊन थांबेल. एंगल्सला बाल्झाककडून मिळाले ते हे दुसरे ज्ञान, असे मला वाटते.

आपण काय करतो आहोत हे बाल्झाकला पक्के ठाऊक होते. १८४२ मध्ये ‘ला कोमेदी ह्युमेन’ या आपल्या कादंबरीमालेला प्रस्तावना लिहिताना त्याने प्राणिशास्त्राचा आधार घेतला. प्राण्यांच्या जशा जाती, तशा समाजातही असतात : सैनिक, कामगार, वकील, व्यापारी. बुफों या निसर्गशास्त्रज्ञाने प्राण्यांचे केले ते काम आपण समाजाचे करणार, फ्रेंच समाज हाच इतिहासकार आणि आपण त्याचे लेखनिक, अशी त्याची भूमिका होती. सुमारे नव्वद पूर्ण कथा-कादंबऱ्या आणि दोन हजारांहून अधिक पात्रे. एका कादंबरीत बाजूला उभा असलेला माणूस दुसरीत मधोमध येतो. त्यामुळे वाचकाला सुट्या माणसांच्या गोष्टी मिळत नाहीत, त्यांना जोडणारे जाळे मिळते. समाज म्हणजे हे जाळे, ही जाणीव कादंबरीने अशी रुजवली.

शास्त्राला नाव देणारा कवितेकडे वळतो

केटलेने आपल्या ग्रंथाला ‘सामाजिक भौतिकी’ असे उपनाव दिले. ही संज्ञा ऑग्यूस्त काँत आधीपासून वापरत होता. आपले शास्त्र आकडेमोडीत जमा होईल या धास्तीने त्याने ती सोडली आणि १८३९ मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात ‘सोसिओलोजी’ हे नाव रूढ केले. समाजाचेही नियम असतात, ते निरीक्षणाने सापडतात, आणि कल्पनाशक्तीने निरीक्षणाच्या हाताखाली काम करायचे, ही त्याची शिस्त.

मग १८४४ मध्ये त्याला क्लोटिल्द द व्हो भेटली. नवऱ्याने टाकलेली, लिहिण्याची आस असलेली तरुणी. तिची ‘ल्यूसी’ नावाची कथा १८४५ मध्ये वर्तमानपत्रात आली. १८४६ मध्ये ती क्षयाने गेली. काँत या धक्क्यातून बदलून बाहेर पडला. भावनेला बुद्धीच्या वरचे स्थान देणारा मानवधर्म त्याने मांडला. १८४९ मध्ये तेरा महिन्यांचे नवे पंचांग केले आणि त्यातले तीन महिने होमर, दान्ते आणि शेक्सपिअर यांच्या नावाने ठेवले. त्याच्या अनेक शिष्यांना हा उत्तरार्ध अवघड वाटला आणि ते पूर्वार्धालाच धरून राहिले. मला मात्र त्यात एक अर्थ दिसतो. समाज कशाने बांधला जातो हे शोधणाऱ्याला शेवटी भावनेपाशी यावे लागले, आणि भावनेची साठवण त्याला साहित्यातच सापडली.

जर्मन अभ्यासक वोल्फ लेपेनीस याने १९८५ मधल्या ‘डी ड्राय कुल्टुरेन’, म्हणजे तीन संस्कृती, या पुस्तकाची सुरुवात काँतपासूनच केली आहे. सी. पी. स्नो याने १९५९ मध्ये विज्ञान आणि साहित्य अशा दोन संस्कृती सांगितल्या होत्या. लेपेनीस म्हणतो की समाजशास्त्र ही तिसरी. ती जन्मापासून या दोघींच्या मध्ये उभी आहे. पद्धत विज्ञानाची हवी आणि विषय मात्र साहित्याचा, अशी तिची ओढाताण आहे.

कादंबरीकार प्रयोगशाळेत

ओढाताण एकतर्फी नव्हती. शास्त्राची प्रतिष्ठा वाढली तशी कादंबरीलाही शास्त्र होण्याची ओढ लागली. क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये प्रयोगाधिष्ठित वैद्यकावर पुस्तक लिहिले होते. एमिल झोलाने १८८० मध्ये ते समोर ठेवून प्रायोगिक कादंबरीचा जाहीरनामा मांडला : विशिष्ट स्वभावाचे पात्र विशिष्ट परिस्थितीत ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे.

यातली उणीव उघड आहे. प्रयोगशाळेतला बेडूक शास्त्रज्ञाचे ऐकत नाही, पात्र लेखकाचे ऐकते. म्हणून कल्पनेतला प्रयोग हा प्रयोग ठरत नाही. पण जाहीरनाम्यापेक्षा झोलाचे काम मोठे होते. १८८४ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आन्झँच्या कोळसाखाणीत संप चालू असताना तो तिथे गेला, खाणीत उतरला, घरे पाहिली, टिपणे केली. पुढच्या वर्षी ‘जेर्मिनाल’ आली. त्याआधी ‘ओ बोनर दे दाम’साठी त्याने पॅरिसच्या नव्या महादुकानांत असाच अभ्यास केला होता. जागेवर जाऊन पाहायचे, ऐकायचे, लिहून ठेवायचे, ही क्षेत्रीय अभ्यासाची रीत समाजशास्त्राच्या विद्यापीठीय शिस्तीत रुळण्याआधी झोला ती पाळत होता. १९०२ मध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा खाणकामगारांचे शिष्टमंडळ ‘जेर्मिनाल, जेर्मिनाल’ असा घोष करत चालले होते.

दुर्खीम : माणूस बाजूला ठेवून दर पाहायचा

समाजशास्त्राला विद्यापीठात पक्के स्थान मिळवून दिले ते एमिल दुर्खीमने. १८८७ मध्ये तो बोर्दोला शिकवू लागला. त्याचे म्हणणे असे, की व्यक्तींच्या मनांची बेरीज करून समाज कळत नाही. समाजाची स्वतःची तथ्ये असतात आणि ती वस्तूसारखी बाहेरून अभ्यासली पाहिजेत.

हे जरा अवघड वाटते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्या आठवा. डब्यातल्या प्रत्येकाला विचारले तर कारण वेगळे मिळेल : एकाची आई आजारी आहे, दुसऱ्याला भावाशी जमिनीचे बोलायचे आहे, तिसरीला माहेरची ओढ आहे. ही कारणे एकेक करून गोळा केली तरी गर्दी का होते ते कळणार नाही. रेल्वे मात्र कुणालाच काही न विचारता कितीतरी आधी जादा गाड्या जाहीर करते आणि त्या भरतात. ती गर्दी कुणा एकाच्या मनात नसते. ती सणात असते, गाव सोडून मुंबईला आलेल्या पिढ्यांमध्ये असते, सगळ्या भावांचा गणपती गावच्या एकाच घरात बसण्याच्या रिवाजात असते. दुर्खीमचे सामाजिक तथ्य म्हणजे हेच.

१८९७ मध्ये त्याने यासाठी सर्वांत कठीण विषय निवडला, आत्महत्या. इतकी खासगी गोष्ट दुसरी नसेल, आणि तिचाही दर प्रत्येक देशात वर्षानुवर्षे बराच स्थिर राहतो. त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६ हजार प्रकरणांची वर्गवारी केली. कागदपत्रे मिळाली ती न्यायखात्यातले सांख्यिकीप्रमुख गाब्रिएल तार्द यांच्यामुळे. तार्द हे दुर्खीमचे वैचारिक प्रतिस्पर्धी. समाज म्हणजे माणसांनी एकमेकांचे केलेले अनुकरण, असे ते मानत. तरी त्यांनी दप्तर उघडे केले. दुर्खीमला आढळले की प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा, अविवाहितांत विवाहितांपेक्षा दर जास्त आहे, आणि युद्धाच्या किंवा राजकीय उलथापालथीच्या काळात तो उतरतो. माणूस समाजात किती घट्ट विणला गेला आहे यावर तो अवलंबून आहे, हा त्याचा निष्कर्ष.

पुस्तकात पुढे एक प्रकरण येते आणि मला ते फार मोलाचे वाटते. वेगवेगळ्या प्रकारच्या आत्महत्येमागची मनःस्थिती कशी असते, हे सांगायची वेळ येते. आकडे तिथे मुके होतात. दुर्खीम मग लामार्तीनच्या ‘राफाएल’कडे जातो. समाजापासून सुटलेल्या, स्वतःच्याच विचारात बुडालेल्या मनाचा नमुना त्याला तिथे मिळतो. इच्छांना सीमा न उरलेल्या अस्वस्थतेसाठी तो शातोब्रियाँच्या ‘रने’ला उभे करतो. गोएथेचा वेर्थरही येतो. व्यक्तीचे मन बाजूला ठेवा म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या सर्वांत आकडेबाज ग्रंथात कादंबरीतल्या माणसांना साक्षीला बोलावले. केटलेची वाट आणि बाल्झाकची वाट एकाच पुस्तकात मिळाल्या.

वेबरचा ताणलेला नमुना

जर्मनीत मॅक्स वेबरने नमुन्याला पद्धतीचाच दर्जा दिला. १९०४ मधल्या एका निबंधात त्याने ‘आदर्श प्रारूप’ समजावले. इथे आदर्श म्हणजे अनुकरणीय नव्हे. अभ्यासक वास्तवातली काही लक्षणे मुद्दाम एकांगीपणे ताणतो, त्यांचे सुसंगत चित्र तयार करतो आणि प्रत्यक्ष माणसे त्या चित्राच्या किती जवळ किंवा लांब आहेत ते पाहतो. चित्र वास्तवात जसेच्या तसे कुठेही सापडत नाही आणि सापडावे अशी अपेक्षाही नसते. गोरिओ असाच घडला होता. फरक एवढा की वेबर आपण काय ताणले ते वाचकाला सांगतो आणि कादंबरीकाराला ते सांगावे लागत नाही.

प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांवरचा वेबरचा गाजलेला अभ्यास १९०४-०५ मध्ये आला. कर्तव्य म्हणून राबणारा, कमावलेले न उपभोगणारा व्यापारी त्यात आहे. थॉमस मान यांची ‘बुडेनब्रोक्स’ १९०१ ची. एका प्रोटेस्टंट व्यापारी घराण्याच्या चार पिढ्या आणि त्यांची उतरण तिच्यात आहे. पुढे १९१८ मध्ये मान यांनी आवर्जून लिहिले, की प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलदारी वृत्ती यांची सांगड घालणारा विचार आपल्याला कुणाचे न वाचता, स्वतःच्या पाहण्यातून सुचला होता. वेबरच्या हायडेलबर्गच्या घरी येणाऱ्या तरुणांत पुढे समीक्षक म्हणून गाजलेला ग्यॉर्गी लुकाच होता. त्याने पुढे बाल्झाक आणि टॉलस्टॉय यांच्यावर लिहिताना नमुनेदार पात्र हीच वास्तववादाची कसोटी मानली.

सॉरबॉनमधले भांडण

१९०२ मध्ये दुर्खीम पॅरिसच्या सॉरबॉनमध्ये आला. त्याच वर्षीच्या शिक्षणसुधारणेने लॅटिनशिवाय शालान्त परीक्षा देण्याची वाट मोकळी केली. १९०४ मध्ये साहित्येतिहासकार गुस्ताव लाँसाँ याने दुर्खीमच्या निमंत्रणावरून साहित्येतिहास आणि समाजशास्त्र यांवर व्याख्यान दिले. प्रत्येक साहित्यकृती ही सामाजिक घटना आहे, वाचक हा लेखनाबाहेर उभा नसतो, लिहितानाच तो लेखकाच्या मनात हजर असतो, अशी त्याची मांडणी होती. साहित्याचा प्राध्यापक असे बोलू लागला हे अनेकांना रुचले नाही.

१९११ मध्ये ‘आगातों’ या टोपणनावाने नव्या सॉरबॉनवर हल्ला करणारे पुस्तक आले. तक्रार अशी, की टिपणांच्या पत्त्यांनी रसिकता मारली, जर्मन पद्धतीच्या पांडित्याने फ्रेंच लेखनशैली संपवली आणि समाजशास्त्राने विद्यापीठ ताब्यात घेतले. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना दुर्खीमचा अभ्यासक्रम सक्तीचा होता, त्याचा राग वेगळा. टोपणनावामागे दोघे होते : आंरी मासिस आणि आल्फ्रेद द तार्द. हा दुसरा गाब्रिएल तार्द यांचा मुलगा.

ही बाजू साहित्याची आणि ती शास्त्राची, असे मात्र सरळ वाटप नव्हते. १८९८ मध्ये ड्रेफ्यूस प्रकरणात, म्हणजे ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या देशद्रोहाच्या खोट्या आरोपाच्या वादात, झोलाने राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिले तेव्हा समीक्षक ब्रुनेतिएर विचारवंतांवर तुटून पडला, आणि त्याला उत्तर लिहिले दुर्खीमने. कादंबरीकार आणि समाजशास्त्रज्ञ एका बाजूला होते, समीक्षक दुसऱ्या.

लंडन आणि तिथून मुंबई

इंग्लंडातली कथा वेगळी आहे, कारण तिथे हा झगडा एकेका माणसाच्या आत चालला. बिॲट्रिस वेब चार्ल्स बूथच्या लंडन-पाहणीत काम करत होती. शहरातले सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात आहेत असे त्या पाहणीने दाखवले. याच काळात ती वेष पालटून ईस्ट एंडच्या शिवणकारखान्यात कामगार म्हणून राहिली आणि तो अनुभव १८८८ मध्ये तिने रोजनिशीच्या रूपात छापला. कादंबरी लिहिण्याची ओढ तिने रोजनिशीत नोंदवली आहे आणि निग्रहाने दाबलीही आहे. तिची खासगी रोजनिशी आज तिच्या अहवालांपेक्षा आवडीने वाचली जाते.

एच. जी. वेल्सने असा निग्रह केला नाही. १९०६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सोशिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने सांगितले, की समाज एकमेकांसारखे नसतात, म्हणून समाजाचे काटेकोर विज्ञान होऊ शकत नाही. आदर्श समाजांची चित्रे कल्पायची आणि ती कसून तपासायची, हीच समाजशास्त्राची योग्य पद्धत. आदल्या वर्षी त्याने गाब्रिएल तार्द यांच्या एका भविष्यकथेच्या इंग्रजी अनुवादाला प्रस्तावना लिहिली होती. अनुकरणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या तार्द यांनीही भूमिगत मानवजातीची कल्पनाकथा लिहून पाहिली होती.

त्या सोसायटीच्या संस्थापकांपैकी पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांनी निवडलेला विद्यार्थी म्हणजे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, मुळात संस्कृतचे अभ्यासक. लंडन आणि केंब्रिजला शिकून आल्यावर १९२४ मध्ये ते विभागप्रमुख झाले. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे. कवट्या, नातेसंबंध आणि जाती मोजणाऱ्या, वर्गवारी करणाऱ्या या शास्त्रज्ञ बाईंनी १९६७ मध्ये ‘युगान्त’ लिहिले. महाभारतातल्या एकेका व्यक्तीला त्यांनी तिच्या कुळाच्या, लग्नाच्या आणि वारशाच्या नियमांत उभे करून पाहिले. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो साहित्य म्हणून. महाराष्ट्रात ही तिसरी संस्कृती इतक्या सहजपणे क्वचितच कुणाच्या हातात वसली.

> चौकट : वाचनालयाने ठरवलेली कादंबरी
>
> समाज साहित्याला घडवतो म्हणजे नेमके काय, याचे स्वच्छ उदाहरण व्हिक्टोरियन इंग्लंडात मिळते.
>
> नव्या कादंबरीची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स असे आणि ती तीन खंडांत निघे. सामान्य मध्यमवर्गीयाला ती विकत घेणे परवडत नसे. चार्ल्स मुडीने १८४२ मध्ये पुस्तके भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरले की एका वेळी एक खंड मिळे. तीन खंड असले की एकच कादंबरी तीन वर्गणीदार एकदम वाचू शकत. म्हणून मुडीला तीनच खंड हवे असत, प्रकाशकाला मुडीची घाऊक खरेदी हवी असे, आणि लेखकाला उपकथानके वाढवून तीन खंड भरावे लागत.
>
> घरातल्या तरुण मुलीला वाचायला देता येणार नाही असे पुस्तक मुडी ठेवत नसे. जॉर्ज मूरने १८८५ मध्ये या अघोषित सेन्सॉरवर पुस्तिका लिहिली. १८९४ मध्ये मुडी आणि स्मिथ या दोन मोठ्या वाचनालयांनी खंडामागे चार शिलिंगांहून अधिक देणार नाही असे कळवले आणि थोड्याच वर्षांत तीन खंडांची कादंबरी संपली. कादंबऱ्या आखूड झाल्या, आणि हे कुठल्याही साहित्यिक चळवळीने केलेले नव्हते.

समाजशास्त्र साहित्याकडे पाहू लागते

विसाव्या शतकाच्या मध्यापासून समाजशास्त्राने साहित्यालाच अभ्यासविषय केले. इयन वॉटने १९५७ मध्ये इंग्रजी कादंबरीचा उदय नव्या वाचकवर्गाशी जोडला. ल्यूसिएँ गोल्डमानने १९५५ मध्ये पास्काल आणि रासीन यांच्यातली शोकात्म दृष्टी एका सामाजिक गटात शोधली. पदे विकत घेऊन सरदारपण मिळवलेले न्यायाधिकारी राजावर अवलंबून होते आणि राजाच त्यांची सत्ता कमी करत होता. त्यांना विरोध करता येईना आणि मान्यही करता येईना. रासीनच्या नाटकांतली कोंडी हीच, असे त्याचे म्हणणे. मांडणी देखणी आहे, पण मला ती फार झटकन जुळलेली वाटते. त्या वर्गातले इतर शेकडो लोक रासीन का झाले नाहीत, हा प्रश्न उरतोच.

याचे सर्वांत चांगले उत्तर पिएर बूर्द्यूने १९९२ मधल्या ‘ले रेग्ल द लार’ या ग्रंथात दिले. वर्ग आणि पुस्तक यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते, तिला तो क्षेत्र म्हणतो. लेखक, प्रकाशक, समीक्षक, मासिके, पुरस्कार हे सगळे तिथे मानासाठी झगडतात. १८५० नंतरच्या पॅरिसमध्ये या क्षेत्राची दोन टोके झाली. एका टोकाला लोकप्रिय नाटके आणि वर्तमानपत्री कादंबऱ्या, जिथे खप म्हणजे यश. दुसऱ्या टोकाला असे लेखक, ज्यांच्यात तात्काळ खपणे हेच संशयास्पद. समाजाचा दाब लेखकापर्यंत थेट पोहोचत नाही, या क्षेत्रातून वळून पोहोचतो. कादंबरीकार फ्लोबेर कुठल्या टोकाला उभा होता, कुणापासून वेगळा होऊ पाहत होता, हे कळल्याशिवाय तो असे का लिहितो हे कळत नाही.

बूर्द्यूने पुढे एक निरीक्षण केले, आणि समाजशास्त्रज्ञाने ते करावे ही मोठी गोष्ट आहे. १८६९ मधली फ्लोबेरची ‘शिक्षण भावनांचे’ ही कादंबरी वाचताना त्याला दिसले, की पॅरिसमधल्या सत्तेचा, पैशाचा आणि कलेचा नकाशा फ्लोबेरने त्यात आधीच काढून ठेवला आहे. कोण कुणाच्या घरी जेवायला जातो, ताटात काय वाढले जाते, कोणत्या वस्तीत कोण राहतो, यातून तो नकाशा उमटतो. समाजशास्त्रज्ञाला फक्त तो उलगडायचा होता.

आनी एर्नो

नॉर्मंडीतल्या इव्हतो गावी आनी एर्नो या फ्रेंच लेखिकेच्या आईवडिलांचे किराणा दुकान आणि लहानसे कॅफे होते. वडील आधी शेतमजूर, मग कारखान्यात कामगार. मुलगी शिकली, शिक्षिका झाली, मध्यमवर्गात गेली आणि आपल्याच घरी परकी झाली. हे आपल्या एकटीचे वैगुण्य आहे असे तिला वाटत होते. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिने बूर्द्यूचे शिक्षणावरचे लेखन वाचले. शाळा वरच्या वर्गाची भाषा आणि वागणूक हीच गुणवत्ता म्हणून कशी मोजते, ते त्यात दाखवले आहे. स्वतःची लाज तिला आता समाजाची रचना म्हणून दिसू लागली. बूर्द्यूच्या वाचनाने मुक्त केले आणि लिहिते केले, असे तिने त्याच्या निधनानंतर २००२ मध्ये लिहिले.

वडिलांवर लिहायला बसल्यावर तिने कादंबरी करून पाहिली आणि सोडून दिली. हलाखीत गेलेल्या आयुष्याला रंगवून, हृद्य करून मांडणे तिला अप्रामाणिक वाटले. १९८३ मधल्या ‘ला प्लास’मध्ये तिने सपाट भाषा वापरली. वडिलांचे शब्द, सवयी, कमाई, दुकानातली उधारी, पाहुण्यांसमोर बोलताना चूक होईल ही त्यांची भीती हे सगळे नोंदीसारखे लिहिले. पात्र एकच, पण वाचताना शेतात जन्मलेली आणि पुढे गल्ल्यावर बसलेली एक अख्खी फ्रेंच पिढी दिसते. आपले लेखन साहित्य, समाजशास्त्र आणि इतिहास यांच्या मध्ये कुठेतरी आहे, असे तिने आईवरच्या पुस्तकात म्हटले. २०२२ चे साहित्याचे नोबेल तिला मिळाले. तिच्या पुस्तकांवर साहित्याचे अभ्यासक लिहितात आणि वर्गबदलाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञही, आणि दोघांनाही त्यासाठी आपली शिस्त सोडावी लागत नाही.